फोटोतलं तीर्थ

दुबई, १२ जानेवारी २००३

ती. सौ. उर्मिलाताईस,
सोमनाथचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. पाकिटात दोन पत्रं आहेत. लहान पत्र आईला वाचून दाखव. हे मोठं फक्त तुझ्यासाठी, वाचून झालं की ट्रंकेच्या तळाशी ठेव. तुझ्या भुवया वर गेल्या असतील तर तशाच राहू देत, कारण परवा तुझा भाऊ जपानचा सांस्कृतिक राजदूत झाला. हसू नकोस. छातीवर तसा पितळी बिल्लाच होता, इंग्रजीत.

झालं असं की शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या एका जपानी कारखान्याला दहा वर्षं पुरी झाली. शारजात दारू चालत नाही, म्हणून समारंभ आमच्या हॉटेलात. जपान्यांच्या शुभकार्याला साके लागते, म्हणजे तांदळाची दारू. गवतात गुंडाळलेलं लाकडी पिंप येतं. मालक आणि पाहुणे मिळून त्याचं झाकण मोगरीने फोडतात, मग बांबूच्या पळीने ती चौकोनी लाकडी मापांतून वाढायची. वाढणाऱ्याने तांदूळ कुठला, पाणी कुठलं हेही सांगायचं. हे काम खरं तर नेपाळच्या रामेश्वरचं. तो लांबून जपानी दिसतो असं मॅनेजरचं मत. त्याला ऐन वेळी कांजिण्या आल्या आणि निळा डगला माझ्या अंगावर चढला.

शिकवायला फुमिकोबाई म्हणून खऱ्या जपानी बाई आल्या होत्या. त्यांचा पहिला नियम असा की आपला पेला आपण भरायचा नाही, दुसऱ्याने भरायचा, त्यातच मान. दुसरा नियम, काठोकाठ भरायचं पण थेंब सांडायचा नाही. बाकीच्या पोरांनी टेबलं भिजवली. माझा थेंब सांडला नाही. इतका स्थिर हात कुठे कमावलास, असं बाईंनी दोनदा विचारलं. मी हसून वेळ मारून नेली.

आईला मी लिहिलंय की हे जपान्यांचं तीर्थ. अगदीच खोटं नाही गं, त्यांच्या देवळात ती देवापुढे ठेवतात. मी हॉटेलात वाढपी आहे हे आईला ठाऊक आहे. काय वाढतो ते तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सोबत फोटो आहे. मुहैस्नाहच्या आमच्या खोलीत सहा जणांत आरसा एक, त्यामुळे मी इतका बरा दिसतो हे मलाही नव्याने कळलं. असंच काम केलंस तर उन्हाळ्यात तुला वाढप्यांचा कॅप्टन करतो, असं मॅनेजर म्हणाला आहे.

भावजींना नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवलास तर मी तक्रार करणार नाही.

तुझा,
सोमनाथ


कोंडवाडी, २ फेब्रुवारी २००३

चि. सोमनाथ यास,
उर्मिलाचे अ. उ. आ.

राजदूतसाहेब, आपला फोटो पोचला. आईने तो आधी देव्हाऱ्यात ठेवला, मग तांदळाच्या डब्यावर, म्हणजे आल्यागेल्याला दिसावा. आता तो तिच्या पिशवीत असतो. जपानी लोकांनी तीर्थ द्यायला साऱ्या दुबईतून माझा सोमनाथ निवडला, हे तिने दूधवाल्यालासुद्धा सांगून झालं आहे.

यातलं हसण्यासारखं इथे संपतं. बाबांना जाऊन सोळा वर्षं झाली. बाबांची पिऊन काय दशा झाली ते तू पाहिलं आहेस. त्या दिवसापासून आईच्या डोक्यात गावातलं देशी दारूचं दुकान आहे. यंदा तिने दारोदार फिरून बायकांच्या सह्या मिळवल्या, आणि सरकारने मतदान लावलं आहे, ९ मार्चला. उभी बाटली म्हणजे दुकान राहणार, आडवी म्हणजे बंद. गावात सहाशे बारा बाया मतदार. त्यांतल्या निम्म्यांहून जास्त आडव्या बाटलीवर शिक्का मारतील तरच दुकान जाईल. घरात बसलेली प्रत्येक बाई दुकानाच्याच बाजूने मोजली जाणार.

आणि आई प्रत्येक बैठकीत तो फोटो काढते. दारुड्याचं पोरही इतकं वर जातं, असं सांगते. बायका फोटो हातोहात फिरवतात. माझं लक्ष दाराकडे असतं रे. आपल्या गावची किती माणसं आखातात आहेत, कोणीही सुट्टीवर येईल नि ओळखेल. मी सांगू शकते, पण ते तुझ्या तोंडून यायला हवं. लगेच लिही. ती चिडेल, चार दिवस जेवणार नाही, पण फोटो पिशवीतून निघेल.

रागावू नकोस. थोरली आहे म्हणून बोलते, लोभ आहे म्हणून जास्त बोलते.

तुझी,
ताई


दुबई, १७ फेब्रुवारी २००३

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तीनदा लिहायला बसलो, तीनदा कागद फाडला. आईला काय लिहू? तुझा मुलगा सात वर्षं लोकांचे पेले भरतो आणि त्यावरच आपलं छप्पर शाकारलं गेलं, असं? आमच्या खोलीतला केरू गवंडीकाम करतो. तो म्हणतो की मी बांधलेल्या इमारतीत मला कोणी आत घेत नाही, तू निदान आत उभा असतोस. खरं आहे. पण आत उभं राहून काय करतो, हे ज्या बाईला सांगायचं ती आपली आई आहे.

आणि एक कबूल करतो. तो बिल्ला लावून उभा होतो तेव्हा मला बरं वाटलं. शंभर माणसं माझ्या पळीकडे बघत होती. अशा वेळी आपण काय वाढतोय हे मनात येत नाही. रागव हवं तर.

मतदान होऊ दे. नंतर मी स्वतः सांगेन, समोर बसून, जूनच्या सुट्टीत. तीन आठवड्यांचा प्रश्न आहे. तोवर फोटो कुठेतरी हरवून टाक, तुला जमेल ते.

मनातून उतरवू नकोस एवढंच मागणं.

सोमनाथ


कोंडवाडी, ११ मार्च २००३

चि. सोमनाथ यास,
आशीर्वाद.

आपण हरलो. आडव्या बाटलीला दोनशे शहाण्णव पडली. तीनशे सात हवी होती.

फोटो हरवायला मला जमलं नाही. आई तो उशाशी घेऊन झोपायची. मतदानाच्या आदल्या गुरुवारी अबुधाबीहून दत्तप्रसाद सुट्टीवर आला. बिचाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. आईने त्याला बैठकीत मुद्दाम बोलावून फोटो दाखवला. तो कौतुकाने ओरडला की अरे वा, ही तर साके, आमच्या साहेबांच्या पार्टीत असते, नव्वद दिरहमची एक बाटली, म्हणजे बाराशेच्या घरात, भारी दारू. आईला वाटलं तो थट्टा करतोय. तिने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली, आणि तिला कळलं.

त्या गडबडीत फोटो बैठकीतच राहिला, शुक्रवारी संध्याकाळी कोणीतरी दारात टाकून गेलं. शनिवारी सकाळी दुकानवाल्यांनी तुझ्या फोटोच्या झेरॉक्स शाळेच्या भिंतीपासून पाणवठ्यापर्यंत चिकटवल्या. खाली लिहिलं होतं की मुलगा दुबईत पाजतो, आई गावात सोडवते. ज्या बायका नवऱ्याचा मार खाऊन सही द्यायला आल्या होत्या, त्यांतल्या कितीतरी रविवारी घरातून निघाल्याच नाहीत. त्यांतली सविता तर तोंडावर म्हणाली की आमच्या घरची बाटली तेवढी वाईट काय.

तुझ्यावर मी चिडले आहे, स्वतःवरही. महिनाभर मला सगळं ठाऊक होतं. तुझ्या तोंडून यावं म्हणून थांबत राहिले, आणि ते दत्तप्रसादच्या तोंडून आलं.

आई रडली नाही. काल माझ्या ट्रंकेतून तुझी पत्रं मागून घेतली. मी दिली. वाचून दाखवू का विचारलं तर नको म्हणाली.

ताई


कोंडवाडी, १९ मार्च २००३

चि. सोमनाथ यास आईचे आशीर्वाद.

हे पत्र मी स्वतः लिहिते आहे. साक्षरता वर्गात शिकले त्याला चार वर्षं झाली, जोडाक्षरं अजून चुकतात. तुझी पत्रं अक्षर लावून लावून वाचली, आठ दिवस लागले.

तू दारू वाढतोस हे कळल्याचं दुःख झालं. तीर्थ लिहिलंस त्याचं जास्त झालं. तुझे बाबाही कधी दारू म्हणाले नाहीत. औषध म्हणायचे.

मतदानाचं काय, परत सह्या गोळा करीन. बाया दार उघडतील तेव्हा उघडतील.

पण पत्रात त्या जपानी बाईंचं वाचलं आणि पुढे वाचवेना. आपला पेला आपण भरायचा नाही, दुसऱ्याने भरायचा. तुझ्या बाबांनीही आपला पेला कधी भरला नाही. त्यांचे हात कापायचे. तू भरायचास. सहा वर्षांचा होतास. थेंब सांडला की ते मारायचे, म्हणून तू श्वास धरून ओतायचास. मी चुलीपाशी भाकरी थापत असायची. मला दिसायचं. त्यांनी मला सोडून तुला हाक मारली, तर मला बरं वाटायचं. हे मी कोणत्याच बैठकीत बोलले नाही.

तुझा फोटो परत पाठवत नाही. पिशवीतून काढला आहे, ट्रंकेत ठेवला आहे.

त्या बाईंनी परत विचारलं, हात कुठे कमावलास, तर हसून वेळ मारून नेऊ नकोस. आईच्या देखत शिकलो म्हणून सांग.

लोभ आहेच. तो तुला मागावा लागणार नाही.

तुझी आई,
ठकुबाई