पेशीतली चूल आणि हेमालीचं बाळंतपण

तीर्थस्वरूप जनीताईस, रेवसहून धाकट्या धर्माजीचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जमला तेवढा). तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे सगळे खुशाल. फक्त माझंच घरात काही चालत नाही.

त्याचं असं झालं. आमच्या हेमालीला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, म्हणून मी मधल्या खोलीला रंग काढला. रविवारी ती सासरहून दिवसभरासाठी आली, आणि मी नेमका आंघोळीच्या पाण्याची चूल पेटवत होतो. पेटवणाला आपल्याकडे काय काय घालतात ते तुला ठाऊकच आहे: दुधाच्या पिशव्या, तुटकी चप्पल, टायरचा तुकडा. (बाबाही तेच करत, आणि ऐंशी वर्षं जगले.) पोरगी ओढणी नाकाला लावून अंगणातच बसली आणि तिथूनच तिने माझी शिकवणी घेतली. आपल्या पेशीपेशीत म्हणे इवल्याशा चुली असतात, त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. अंगातली ताकद तिथे शिजते. त्या चुलींचा डीएनए वेगळा, तो असल्या विषारी धुराने चटकन बिघडतो, आणि दुरुस्तीची सोय जेमतेम. शिवाय तो पोराला फक्त आईकडून मिळतो. मी विचारलं, "आणि बापाकडून?" म्हणाली, "कायच न्हाय, बाबा." ताई, मला फार लागलं. रंग काढायला मी, आणि नातवंडाच्या अंगातली आग सगळी माझ्या बायकोच्या, सुचिताच्या, माहेरची!

तरी मी सुधारलो. टायर बंद केला आणि धक्क्यावरून मासळीची थर्माकोलची खोकी आणली. पांढरीशुभ्र वस्तू, तिच्यात कसलं आलंय विष, असं मला वाटलं. अंगणात वाळत घातलेल्या बोंबलांवर काजळी धरली. सुचिता म्हणाली, "धूर न्हाय गेला तर पोर न्हाय यायची. मग बसा एकटेच चूल फुकीत." नंतर नारळाची सोडणं आणली, ती ओली निघाली. शेवटी चूल पाडली, तिथे अळू लावलं आणि हेमालीला फोटो पाठवला. पाणी आता गॅसवर तापतं.

भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
धर्माजी

ता. क. खरं काम राहिलंच. फोटो बघूनही हेमाली म्हणते, बाळंतपणाला म्हसळ्याला आत्याकडे, म्हणजे तुझ्याकडे, जाते. गावात मी काय तोंड दाखवू? तिचा फोन आला तर घरात जागा नाही म्हणून सांग. पाच खोल्या तिने पाहिल्या आहेत, तरी काहीतरी निमित्त काढ.

ता. क. दुसरा. सुचिताने पत्र वाचलं आणि शेजारच्या रघूच्या अंगणाकडे बोट दाखवलं. तो आतलं तांबं काढायला रोज भंगारातल्या वायरी जाळतो, आणि वारा सरळ मधल्या खोलीत येतो. फोटोत मी ती बाजू घेतली नव्हती. चारदा सांगूनही तो ऐकत नाही, आता ग्रामपंचायतीत अर्ज दिला आहे. ताई, मला पोरीची काळजी वाटते. वरचं काम रद्द. तिने विचारायच्या आधी तूच तिला बोलाव. गावाचं मी बघतो. फक्त तुझ्या शेजारी कोण काय जाळतं, ते आधी पाहून ठेव.