खालांच्या घरातलं जातं

आई, तेव्हा तू घाबरली होतीस का? मला याचं उत्तर देता येत नाही. त्या दिवसांतला तुझा चेहरा आठवायला जावं, तर जातं फिरवणारे हातच दिसतात.

पोलीस ॲक्शन होऊन गेली होती. सिल्लोडकडच्या आपल्या गावातली रझाकारांची भीती संपली आणि दुसरीच सुरू झाली. मुसलमानांची रिकामी घरं फोडली जात होती. शेजारच्या खाला पुढचं दार आतून लावून, पोरांना घेऊन मागच्या दारानं नातेवाइकांकडे निघून गेल्या. दुसऱ्या पहाटे तू ज्वारीची टोपली घेतलीस, मला घेतलंस, मागची पडकी भिंत ओलांडलीस आणि त्यांच्या जात्यावर आपलं दळण दळू लागलीस. दळून झालं की त्यांची चूल पेटवायचीस. घरघर ऐकून, धूर बघून गल्लीला वाटायचं, घरात माणूस आहे.

मग ती सकाळ. दारावर थाप पडते. फटीतून मला पहार दिसते, आणि पहार धरलेले आपलेच काका, बाबांचे भाऊ. जात्यात ज्वारी टाकणारा माझा हात थांबतो. तू हळूच म्हणतेस, "टाक." पुन्हा थाप. तू उठतेस, पदर सारखा करतेस, अडसर काढतेस.

"वैनी? तुमी इथं?"

"दळायलेय, भावजी. आपलं जातं गुळगुळीत झालंय, त्याला टाकी लावायची हाय, कधीची सांगतेय."

"बाहेर या. हे घर आज ऱ्हात नाय."

"तुमच्याच भाकरीचं पीठ हाय. अर्ध्यात टाकून कशी येऊ? उभेच हाव, तर या, खुंटा धरा."

मागून कुणीतरी हसलं, "धर बाबा, धर!" काकांची पहार खाली आली. ते गेले. तू येऊन बसलीस, पण जातं फिरायला वेळ लागला. खाला परतेपर्यंत तू रोज गेलीस. पुढं त्यावर एक शब्द बोलली नाहीस, आणि तू वारल्यावर कुणीच बोललं नाही.

तुझ्यामागं काका औरंगाबादला राहायला गेले, मलाही नेलं. त्यांच्या घरी राहून मी बी.ए. झाले, आपल्या घरातली पहिली. ते उपकार खरेच आहेत. शाळेतली माझी नोकरीही त्यांच्याच शब्दावर अडली आहे. आणि परवा गावात त्यांचा सत्कार झाला, त्या दिवसांत शेजाऱ्यांचं घर राखलं म्हणून. भाषण मी करायचं होतं. "शिकलेली हायस, चांगलं बोल," बाबा म्हणाले, माझ्याकडे न बघता.

मांडवात खाला शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या. मी म्हणाले, "ते घर माझ्या आईनं राखलं. रोज तिथं दळून." पहारीचं मात्र मी बोलले नाही. ती दया होती की भीती, तेही मला सांगता येत नाही.

काका जवळ येऊन एवढंच म्हणाले, "घरी चल, मग बघू."

आज पहाटे मी खालांच्या जात्यावर बसले. पीठ जाडंभरडं आलं. खालांनी चिमटीत घेऊन बघितलं. "तेरी अम्मा ऐसा पीसती थी क्या? और पीस."

तुला वाचता येत नव्हतं, तरी लिहिलं. आता हा कागद घडी करून माझ्या पेटीत ठेवते. पेटी इथंच आहे. बाबांच्या दारात ती उतरवायची माझी हिंमत झाली नाही; सभेला जायच्या आधीच मी ती काकांच्या औरंगाबादच्या घरातून आणून खालांच्या ओसरीवर ठेवली होती.