माहेर नावाचा ग्रह

शुक्र., ७ नोव्हेंबर
सकाळी पूजा आटोपल्यावर कॉम्प्युटर पुसला, पडद्याच्या कडेला कुंकवाचं बोट लावलं, एक फूल वाहिलं. सौ. दारातून बघत होती. "यानाला नारळ नाही फोडायचा?" आणून ठेवला होता खरं तर. पण तिनं असं म्हटल्यावर लाज वाटली. नारळ चटणीत गेला.

सईचा गेम आज आला. पुण्याहून तिनंच घेऊन दिला. दोन वर्षं लेक मला त्याच्या जाहिराती दाखवतेय. मोजता येणार नाहीत इतके ग्रह, आपलं स्वतःचं यान, वाटेल तिथं उतरा. आणि दोन माणसं दोन गावांत बसून एकाच ग्रहावर भेटू शकतात, शेजारी शेजारी चालू शकतात. लग्नाआधी ती याच खुर्चीवर खेळायची, मी स्टुलावर. गाड्यांच्या शर्यतीत मला हरवलं की टाळ्या पिटायची. चार वर्षं झाली.

शनि., ८ नोव्हेंबर
उडालो. नमस्कार करून बटण दाबलं. ढग, मग काळं आभाळ, मग नुसत्या चांदण्या. गावच्या शाळेत मास्तरांनी कंदील आणि लिंबू घेऊन ग्रहण दाखवलं होतं. त्या दिवशी असंच

सौ.नं जेवायला हाक मारली.

मंगळ., ११ नोव्हेंबर
सातपूरला कारखान्यात चहाच्या सुट्टीत शेजारच्या मशीनवरचा गोरख म्हणाला, "दादा, माझ्या पोरानंबी घेतला तो गेम. डोकं धरून बसलाय. म्हणतो, लय फसवलं. सगळे ग्रह सारखेच, तेच जनावर, नुसता रंग येगळा."
मी म्हटलं, मला आवडला.
"तुमचं काय, तुम्हाला कँटीनची डाळबी आवडती!"
सगळे हसले. मीही.

पोराचं खोटं नाही. चार ग्रह फिरलो. जाहिरातीत नदी होती, इथं एकही नाही. पाणी आहे, पण साचलेलं. गोदावरीकाठच्या माणसाला ते चुकल्यासारखं वाटतंच. तरी मन रमतं. काल एका टेकाडावर यान उभं करून हरिपाठ म्हटला. तिथं दोन सूर्य आहेत. एक मावळला, दुसरा पाठ संपेपर्यंत थांबला.

शुक्र., १४ नोव्हेंबर
सईला एक हिरवा ग्रह सापडला. ज्याला आधी सापडेल त्यानं नाव द्यायचं. तिनं दिलं: माहेर. रविवारी दुपारी तिथं भेटायचं ठरलं, वाकड्या सुळक्यापाशी. विचारलं, येताना काय आणू? "लोखंड आणा पप्पा, यानाला लागतं." सौ. म्हणाली, लेकीला लाडू नेतात, लोखंड कसलं नेताय!

रवि., १६ नोव्हेंबर
दुपारी फोन कानाला लावून दोघं निघालो.
"पोचलात का पप्पा?"
"पोचलो. सुळक्यापाशी उभा आहे. तू?"
"मीपण तिथंच. सावलीत."
"सावली कसली? पाऊस पडतोय इथं."
तिच्याकडे लख्ख ऊन. मी उड्या मारल्या, बॅटरी लावली. तिनंही. सुळका तोच, पायथ्याची निळी झुडपं तीच. माणूस दिसेना. बराच वेळ एकमेकांभोवती फिरत होतो म्हणायचं. शेवटी जावई, निखिलराव, शोधून म्हणाले, भेटायची सोय अजून केलेलीच नाही. कंपनीनं आज कबूल केलं. पुढं कधीतरी करू म्हणतात.

मी म्हटलं, जाऊ दे गं, सुळका छान आहे.
तर सई एकदम रडवेली झाली. "तुम्हाला सगळंच छान असतं! माझ्या घरी येता आणि स्वतःचा डबा खाता. घोटभर पाणी घेत नाही. म्हटलं, निदान इथं तरी माझ्याजवळ बसाल."
तिनं फोन ठेवला.

गेम तिनं का दिला ते आज कळलं.

सोम., १७ नोव्हेंबर
लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी अन्नपाणी घ्यायचं नाही. आप्पांनी, माझ्या आजोबांनी, पाळलं. आत्याकडे जाताना बैलगाडीत पाण्याची कळशी असायची. मी पाळतो ते आप्पांसाठी. त्यात कुणाला दुखावतोय असं कधी मनात आलं नाही. सौ.नं केव्हाच सोडलं. "मी जेवून आले. आभाळ काही कोसळलं नाही."

शनि., २२ नोव्हेंबर
त्र्यंबकेश्वर. देवालाच विचारायचं ठरवून गेलो होतो. रांगेत वाक्य जुळवत होतो. समोर पोचलो तर मागच्यानं ढकललं, "चला काका, पुढं चला." विचारायचं राहिलं.

कुशावर्त कुंडाच्या पायरीवर बसलो. पाणी गार. तिथं मनात आलं: मूल कधी, असं मी सईला कधी विचारलं नाही, याचं मला बरं वाटायचं. पण तिच्या घरात डबा उघडतो म्हणजे दुसरं काय करतो? दर खेपेला तेच विचारतो. तेही जावयासमोर.

देवानं ढकललं ते ठीकच केलं.

बुध., २६ नोव्हेंबर
गोरखच्या पोरानं गेम काढून टाकला. सई फोन करते, गेमचं नाव काढत नाही. मी मात्र संध्याकाळी माहेरला जाऊन येतो. सुळक्याखाली बसतो. कधी ऊन, कधी पाऊस. ती जिथं उभी होती म्हणाली, तिथं लोखंड ठेवायला गेलो तर गेम ठेवू देत नाही.

मला गेमवर राग येत नाही. एवढं आभाळ दाखवलं त्यानं. जे त्याच्याकडून झालं नाही, ते माझ्या हातात आहे.

शनि., २९ नोव्हेंबर
उद्या पुणे. सौ.नं डब्याच्या पोळ्यांसाठी पीठ काढलं. म्हटलं, डबा नको. तिनं पीठ परत डब्यात ओतलं. "आणि पाण्याची बाटली?" "बसपुरती." जाताना लाडू मात्र न्या म्हणाली.

रवि., ३० नोव्हेंबर, पुणे
सईला वाटलं, नेहमीसारखंच. खिडकीजवळचं छोटं टेबल माझ्या डब्यासाठी पुसून ठेवलेलं. ताटं दोनच घेतली होती. मी हात धुऊन निखिलरावांशेजारी बसलो.
"माझं ताट?"
"डबा विसरलात का पप्पा?"
"नाही. आणलाच नाही."
निखिलराव लगबगीनं उठले आणि ताटाऐवजी परातच घेऊन आले. तेव्हा ती हसली. डोळे पुसत पुसत.

आप्पांना मनात नमस्कार केला. ते काय म्हणाले असते, मला ठाऊक नाही. पहिलं पाणी प्यालो. मग बाजरीची भाकरी, मेथीची भाजी.
"कशी झालीय?"
"छान."
"तुम्हाला सगळंच छान असतं."
मग खरं ते सांगितलं, मीठ जास्त झालंय. आणि दुसरी भाकरी मागून घेतली.