तिसऱ्या मजल्यावरून खाली

३ फेब्रुवारी, सोमवार

काल तुला एवढं सगळं सांगितलं आणि आज तू कोरा. नात आली होती, तिने उघडून पाहिलं. म्हणाली, ‘आजी, लाल ठिपका दाबायचा राहिला.’ राहिला कसा? चांगला अंगठा टेकवला होता. विसरलास तू, आणि बोल मला. वय माझं झालंय की तुझं?

असू दे. परत सांगते. मला अक्षर येत नाही, म्हणून नातीने तुला या फोनात बसवून दिलंय — मी बोलायचं, तू लिहायचं. तारीखही तूच घालायची. तुला कोणी वाचणार नाही. मीसुद्धा नाही. त्यामुळे तुझ्याशी खोटं बोलायचं काही कारणच नाही.

तर आमची ही इमारत. खालचे मजले म्हाताऱ्यांचे, वरचे शिकणाऱ्या पोरापोरींचे. आम्ही लवकर झोपतो, ते उशिरा उठतात, म्हणून भांडण होत नाही. मी तिसऱ्या मजल्यावर, धाकटीबरोबर. धाकटी म्हणजे माझी जाऊ. एकाच घरात मी आधी सून म्हणून आले, ती नंतर. दोघे भाऊ गेले, घर गेलं, आम्ही दोघी उरलो. तिच्या गुडघ्यांनी कधीच हात टेकलेत. माझे पाय चांगले आहेत. रोज संध्याकाळी अंगणाला फेऱ्या मारते, तरण्या पोरींना मागे टाकते.

आता आगीचा नवा नियम आलाय. घंटा वाजली की लिफ्ट बंद, आणि ज्याने त्याने जिन्याने अंगणात यायचं. अशी कवायत होणार आहे. ज्याला स्वतःच्या पायांनी उतरता येणार नाही, त्याला तळमजल्यावर हलवणार. तळमजल्यावर एकच खोली रिकामी आहे, आणि ती फक्त न उतरणाऱ्यांसाठी. म्हणजे धाकटी खाली आणि मी वर.

हे काही व्हायचं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज आगवाली बाई आली. अग्निशमनातली साहेबीण — जाड बूट, हातात बॅटरी, वेणी घट्ट. आमचा व्यवस्थापक, ज्याला मी किल्लीवाला म्हणते, तिच्या मागे मागे असा फिरत होता जसा नवा जावई सासऱ्यामागे.

जिन्यात कोणाची सायकल, कोणाच्या कुंड्या, कोणाची चपलांची फळी. सगळं काढायला लावलं. म्हणाली, ‘धुरात दिसत नाही. ज्याचा पाय अडखळेल तो पडेल, आणि त्याच्यावर मागचे दहा पडतील.’ कुंड्यांचे मालक कुंड्या उचलायला लागले.

मग दारांपाशी आली. प्रत्येक मजल्यावर जिन्याला जड दार आहे, आपोआप लागतं. ते लागलं की वारा येत नाही, म्हणून आमच्या मजल्यावर त्यात कायम एक चप्पल अडकवलेली असते. बाईने ती चप्पल उचलून वर धरली. ‘कोणाची?’ सगळे एकमेकांकडे बघायला लागले. माझी होती. मी म्हटलं, ‘बाई, खाली ठेवा, ज्याची असेल तो घेईल.’ ती हसली नाही. म्हणाली, ‘हे दार बंद असेल तर धूर त्याच मजल्यावर थांबतो, आजी. उघडं असेल तर जिना म्हणजे धुराडं.’

गेल्यावर मी चप्पल घेतली. दारात परत नाही ठेवली. बाईचं बोलणं पटलं. नियम सगळेच पटतात, तो एक सोडून.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

इमारतीत मला एकच पाटी वाचता येते. जिन्यावरचा हिरवा पळणारा माणूस. धाकटी म्हणते, ‘जाऊबाई, तो रोज पळतो आणि रोज तिथेच.’ म्हटलं, ‘त्याला पाय तरी आहेत. तू बोलू नकोस.’

हसली. पण तिला भीती वाटते. आगीची नाही, खोली बदलायची.

१० फेब्रुवारी, सोमवार

वरच्या मजल्यावरची धूरबाई येऊन गेली. ती शिकते काय ते मला कळत नाही, पण पाव करपवण्यात पहिली येईल. तिच्यामुळे महिन्यात दोनदा घंटा वाजते, म्हणून हे नाव. तिला विचारलं, ‘हल्ली वाजत नाही ती घंटा?’ तर हळूच म्हणाली, छताला जे पांढरं वाटोळं असतं, धूर हुंगणारं, त्याला तिने आंघोळीची प्लॅस्टिकची टोपी घातलीय.

‘अगं, त्याला कशाला टोपी? त्याला काय केस आहेत?’

‘आजी, कोणाला सांगू नका हं.’

नाही सांगणार. मला स्वतःच एक काम करायचंय ज्याबद्दल कोणी सांगू नये.

१२ फेब्रुवारी, बुधवार

झाली कवायत. आम्ही पहिल्या आलो!

कवायत कधी ते कोणाला सांगणार नव्हते. पण सकाळी चहाला किल्लीवाला दाढी करून आला. इस्त्रीचा शर्ट. बूट पुसलेले. या माणसाने स्वतःच्या बहिणीच्या लग्नात तरी दाढी केली असेल का, शंका आहे. मी कान टवकारले. चहा अर्धा ठेवला, धाकटीला म्हटलं, ‘चल, उन्हात बसू.’

‘आत्ता? अजून केस विंचरायचेत.’

‘उन्हात विंचर.’

लिफ्टने खाली आलो, फाटकाजवळच्या बाकावर बसलो. तिची वेणी अर्धी झाली आणि घंटा वाजली. आम्ही उठलो, जमायच्या पाटीखाली जाऊन उभ्या राहिलो, संपलं. आगवाली बाई वर जिन्यात घड्याळ लावून उभी होती. किल्लीवाला खाली धावत आला तर आम्ही हजर. ‘अरे वा, आजी! दोघी? इतक्या लवकर?’ मी म्हटलं, ‘तू दाढीच करत बस.’ त्याने दोघींच्या नावापुढे खूण केली. स्वतःच्या पायांनी उतरतात.

वरून मग एकेक जण आले. एक आजोबा दाताची कवळी घ्यायला परत गेले होते. एक जण दाराला कुलूप लावायला. पोरं आली लॅपटॉप पोटाशी धरून, जसं तान्हं मूल.

धाकटी खोलीत आल्यावर म्हणाली, ‘हे बरं नाही केलं, जाऊबाई.’

‘मग जा तळमजल्यावर. कोणा अनोळखी बाईचं घोरणं ऐक.’

‘तुमच्यापेक्षा मोठं थोडंच असेल?’

म्हणजे झालं. राहिलो एकत्र.

१६ फेब्रुवारी, रविवार

छान चाललंय. सांगण्यासारखं काही नाही. कधी कधी असंही असावं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज पुष्कळ सांगायचंय. तू नीट लिही.

संध्याकाळी मी अंगणात फेऱ्या मारत होते. धाकटी वर, तिला पडायचं होतं. घंटा वाजली. मला वाटलं, धूरबाईचा पाव. मग वर पाहिलं तर पाचव्या मजल्याच्या खिडकीतून खरा धूर, काळा.

पाव नव्हता. तिने फोनचा चार्जर गादीवर ठेवून दिला होता, तो तापला, गादी धुमसली. छतावरच्या वाटोळ्याला टोपी, ते कसं हुंगणार? धूर खोलीबाहेर आला तेव्हा बाहेरच्याने हुंगला. आणि पाचव्या मजल्याच्या जिन्याच्या दारात कोणीतरी बूट अडकवलेला. धूर सगळा जिन्यात.

माणसं खाली यायला लागली, खोकत. धुराने गुदमरलेल्या दोन आजोबांना वरच्या पोरांनी, आगवाल्या बाईने शिकवलं होतं तसं, जिन्यावरून माणूस उतरवायच्या पट्ट्यांच्या खुर्चीतून एकेक करून आणलं. किल्लीवाला एकेक नाव पुकारून बघत होता. धाकटी दिसेना. मी म्हटलं, ‘अरे, माझी जाऊ वर आहे.’

‘येतील हो आजी. त्या उतरतात की. मागच्या वेळी सगळ्यांच्या आधी आल्या होत्या.’

 मी वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर आमची खिडकी. तिथे ती उभी, उशीचा अभ्रा हलवत होती. हाक नाही मारत, नुसती हलवत होती, जशी कोणाला निरोप देते.

मी किल्लीवाल्याचा शर्ट धरला. म्हटलं, ‘तिला एक पायरीसुद्धा उतरता येत नाही. त्या दिवशी आम्ही आधीच बाकावर बसलो होतो. मी बसवलं होतं. आण तिला!’ तो पोरांना ओरडला. पोरं खुर्ची घेऊन परत वर धावली, तोंडाला ओले रुमाल बांधून.

तेवढा वेळ कसा गेला ते तुला नाही सांगता येणार. मी बाकावर बसले नाही. त्या बाकाकडे बघवेना.

आणली. चेहरा काळवंडलेला, पण शुद्धीत. बाईने सांगितलं होतं तसं तिने दार लावून घेतलं होतं, दाराखालच्या फटीत चादर ओली करून कोंबली होती, आणि खिडकीत जाऊन उभी राहिली होती. मी तिच्यासमोर गेले तर काय म्हणाली? ‘चादर तुमची घेतली, जाऊबाई. माझी नवीन आहे.’



२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आग खोलीबाहेर गेली नाही. कोणाला लागलं नाही. धूरबाई रडून रडून सुजलीय. तिला जवळ घेतलं. तिला काय रागावू? तिने घंटेला टोपी घातली. मी आख्ख्या कवायतीला घातली.

आगवाली बाई आली. मी स्वतःच सांगितलं तिला, किल्लीवाल्याने सांगायच्या आधी. मला वाटलं ओरडेल. नाही ओरडली. म्हणाली, ‘आजी, धुरात शिरताना आम्हाला एवढंच हवं असतं — कोणत्या खोलीत कोण आहे, आणि त्याला चालता येतं का. तेच चुकीचं असेल तर आमची माणसं रिकाम्या खोल्या शोधत बसतात.’

मी म्हटलं, ‘लिहा बाई. धाकटीला उतरता येत नाही.’

‘आणि तुम्हाला?’

‘मला काय धाड भरलीय?’

२३ फेब्रुवारी, रविवार

धाकटीला हलवली. तळमजला, अंगणाच्या बाजूला. खोली चांगली आहे, ऊन येतं. दुसरा पलंग रिकामाच. किल्लीवाल्याला विचारलं, ‘तो मला दे की.’ तो म्हणाला, ‘आजी, एकदा फसलो. तो न उतरणाऱ्यांसाठी.’ बरोबर बोलला. राग आला तरी बरोबर.

२४ फेब्रुवारी, सोमवार

खोली मोठी झाल्यासारखी वाटते. मला मोठी खोली कधी नको होती.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसातून चारदा लिफ्टने खाली जाते. दुपारचं जेवण तिच्याकडेच. ती म्हणते, ‘एवढ्या येरझाऱ्या घालता, पाय दुखत नाहीत?’ मी म्हणते, ‘लिफ्टचे दुखत असतील.’

नवी कवायत होणार आहे, यावेळी सगळ्यांची नव्याने. मी मनात एक बेत आखला. लंगडायचं. थोडं डावीकडे, जास्त नको. खोलीत दार लावून दोनदा करून पाहिलं, छान जमलं. मग तो पलंग माझा.

धाकटीला सांगितलं. तिने कंगवा खाली ठेवला.

‘लंगडलात तर मी बाईंना सांगेन.’

‘तू? माझ्याविरुद्ध?’

‘खुर्ची एकच आहे, जाऊबाई. तुम्ही तिच्यात बसलात आणि खरंच कोणी अडकलं, तर?’

या बाईने आयुष्यभर माझ्यापुढे मान वर केली नाही. आता खाली राहायला जाऊन डोक्यावर बसलीय.

२ मार्च, रविवार

नाही लंगडणार. सरळ चालत येणार, आणि पहिली येणार. यावेळी खरी. किल्लीवाल्याचं तोंड बघायचंय. धाकटीला म्हटलं, ‘तू अंगणात बसून बघच.’ ती म्हणाली, ‘वेणी घालून बसते.’

५ मार्च, बुधवार

आज झाली. मी खोलीत होते, केस धूत होते, डोक्याला टॉवेल तसाच गुंडाळून निघाले. जड दार दोन्ही हातांनी ढकललं. चौथ्या पायरीवर गुडघा कापला. वाटलं, होईल. पहिल्या वळणावर दोन्ही पाय असे थरथरायला लागले की जणू ते माझे नव्हतेच. किती वर्षांत जिना उतरले नव्हते कोणास ठाऊक. सपाट अंगण वेगळं, पायरी वेगळी. कठडा धरून खाली बसले. धूरबाई वरून येत होती, माझ्याशेजारी बसली, कानात म्हणाली, ‘आजी, नाटक करताय ना?’ म्हटलं, ‘नाही गं. नाटकाची गरजच पडली नाही.’ आगवाली बाईने स्वतः माझे पट्टे बांधले. खुर्चीतून अंगणात उतरले तेव्हा धाकटी हसलीही नाही, रडलीही नाही. माझा टॉवेल सोडून केस पुसायला लागली.

शनिवारपासून मी तळमजल्यावर. हे एवढं नातीला ऐकवायचंय, म्हणून नीट लिही: बाळा, रविवारचा डबा वर नेऊ नकोस, खाली आण, आणि दोघींचा मिळून एकच आण. धाकटीला बटाटा मऊ, मीठ कमी. मला भाजलेले दाणे, चांगले कडक, भरपूर. पाय गेलेत, दात आहेत.