कवडीची उघडी पाठ

४ नोव्हेंबर, मंगळवार
खुराड्यात पुन्हा पिसं! चांगली मूठभर. कवडीची पाठ पार उघडी पडलीये. बायको जाऊन पाच आठवडे झाले, आणि तिच्या पाचही कोंबड्यांची माझ्या हातात ही दशा.
लेकीला फोनवर सांगून बसलो. "बाबा, तुम्हाला नाही जमत. ह्या नाही, पुढच्या रविवारी येते आणि घेऊन जाते. इकडे एकजण सांभाळायला तयार आहेत." जमत नाही म्हणे! चाळीस वर्षं लोकांची बंद पडलेली घड्याळं चालू करतोय मी.
फोन ठेवला आणि रडलो. घरात माझ्याशिवाय आवाज उरलाय तो ह्या कोंबड्यांचाच.

५ नोव्हेंबर
दुकानातलं भिंग घरी आणलं. डोळ्याला लावून एकेकीचा पंख उचलून पाहिला. उवा नाहीत, पिसवा नाहीत. हातावर चार टोचे मात्र मिळाले. तिच्या मांडीवर कशा गपगुमान बसायच्या!

७ नोव्हेंबर
चोर सापडला — फौजदारीण! चोचीत कवडीचं पीस घेऊन उभी. बायकोची सगळ्यात लाडकी नेमकी हीच. टोपलीखाली कोंडली.

१० नोव्हेंबर
फौजदारीण तीन दिवस कोंडलेली, तरी बाकीच्यांची पिसं जातायतच. म्हणजे उगाच आळ घेतला. सोडली तर माझ्याकडे पाठ करून बसली. मी माफी मागितली. कोंबडीची! बायको असती तर हसून हसून पोट धरलं असतं. कोणीच हसलं नाही.

११ नोव्हेंबर
कवडीला आणि आणखी एकीला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात. डॉक्टरीणबाई लेकीपेक्षाही लहान, पण हात सराईत. "काका, पिसं आपोआप झडली असती तर मानेपासून सुरुवात झाली असती, आणि खाली नवे कोंब दिसले असते. ही उपटलीयेत. उपटून खाल्लीयेत."
खाल्लीयेत?
"पीस म्हणजे सगळं प्रथिन. अंगाला कमी पडलं की एकमेकींची खातात. आधी त्यांना काहीतरी मिळत होतं, ते बंद झालंय. आठवून बघा."
माझ्या घरात काय काय बंद झालंय, ते त्या पोरीला कुठून सांगू?

१२ नोव्हेंबर
आठवून आठवून डोकं दुखलं. धान्य तेच, दुकान तेच, माप तेच. शेवटचे तीन महिने ती अंथरुणालाच खिळलेली, म्हणजे तेव्हापासून दाणे टाकतोय मीच. आणि तेव्हा तर पिसं कशी तुकतुकीत! ती खिडकीशी उशीला टेकून खालच्या खुराड्याकडे बघत पडायची. "अहो, कवडी बघा कशी नटलीये." मला वाटायचं, माझाच हातगुण. मिशीतल्या मिशीत हसायचो.

१४ नोव्हेंबर
लेकीचा फोन. "रविवार नक्की हं, बाबा." बरं म्हणालो. भांडायचं बळ नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
पलीकडच्या वहिनी कुंपणाशी आल्या. उद्या कोंबड्या जाणार म्हटल्यावर त्यांचे डोळेच भरले. "भाऊजी, ताईंनी शपथ घातली होती म्हणून बोलले नाही. तुम्ही उकडलेली अंडी ठेवून दुकानात गेलात की त्या कुस्करून खिडकीतून ह्या कोंबड्यांना टाकायच्या. ताईंच्या घशाखाली काही उतरतच नव्हतं हो. म्हणायच्या, त्यांना वाटू दे मी खातेय."
रोज दोन उकडायचो. मीठ-मिरी लावून. ताटली लख्ख रिकामी — मी खूश! तिचे डॉक्टर विचारायचे, वजन का उतरतंय, जेवतात ना? मी छाती ठोकून सांगायचो — जेवते!