घर कोणतं, दुकान कोणतं

चि. चिमणीस (की आता वकीलसाहेबांस?) मामाचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तू कशी आहेस? कामाच्या नादात जेवायचं विसरतेस असं ताई सांगत होती. वेळेवर जेवत जा. (सल्ला फुकट आहे. तुझे सगळे सल्ले आम्हाला फुकटच मिळाले, त्याची ही थोडी परतफेड.)

मागच्या खेपेला तू आमच्या पुढच्या खोलीत चहा पीत बसली होतीस आणि गिऱ्हाईक आलं म्हणून तुला उठवून मी तुझ्याखालचा सोफा विकला, ते तू मनाला लावून घेतलं नसशील अशी आशा आहे. आमच्याकडे हे नेहमीचंच. सोफे मागच्या खोलीत शिवायचे, पुढच्या खोलीत मांडायचे आणि विकले जाईपर्यंत आपणच बसायचं. आईला तर दुपारच्या झोपेतून उठवूनही विक्री झालेली आहे. (एकदा तिनेच डोळे चोळत भाव वाढवून घेतला.) पण तू उभ्या उभ्या चहा संपवलास आणि म्हणालीस, "मामा, घराचं आणि दुकानाचं वेगळं करा, नाही तर कर भरताना तोंडघशी पडाल."

मी पडलो आज्ञाधारक. रंगीत चिठ्ठ्या आणल्या, घराला हिरवी, दुकानाला लाल, आणि चिकटवत सुटलो. फ्रीज हिरवा. कातर लाल. पंखा दोन्ही खोल्यांना वारा देतो, म्हणून त्याला दोन्ही. आईने आपल्या खुर्चीला स्वतःच हिरवी लावली आणि तिच्यावरच जाऊन बसली (माझा भरवसा नाही म्हणून). असा मिरवत मिरवत शिलाई मशीनपाशी पोचलो, तर तुझी मामी मशीन न थांबवताच म्हणाली, "मला कुठली लावताय?"

अगं, हात तसाच राहिला. लग्न झाल्यापासून इथला एकूण एक सोफा तिने शिवलाय. मी लाकडं ठोकतो आणि बडबड करतो. आणि नाव? पाटीवर माझं, परवान्यावर माझं, बँकेतही माझंच. तुला फोन केला तर तू एवढंच विचारलंस, "उद्या तुम्हाला काही झालं, तर मामीने दुकान आपलं आहे हे कशावरून सांगायचं?" मी हसण्यावारी न्यायला गेलो, पण जमलं नाही.

पुढचं सगळं तूच केलंस. भागीदारीचा करार तुझ्याच हातचा. फक्त नोंदणी कचेरीतली गंमत तुला माहीत नाही. कारकुनाने मामीचा व्यवसाय विचारला आणि सवयीने मी म्हणालो, "घरीच असते." मामी म्हणाली, "खोडा ते. सोफे शिवते, असं लिहा." कारकून माझ्याकडे बघायला लागला, मी खिडकीबाहेर. येताना बसमध्ये कराराची प्रत तिने छातीशी धरली होती, मला हातसुद्धा लावू दिला नाही. चिमणे, तिला इतकं खूश मी लग्नातही पाहिलं नव्हतं. तुझे उपकार कसे फेडू, सांग.

आता भागीदारबाई कारभार बघतात. दुपारी विक्री बंद, कारण आई झोपते. माझ्या बडबडीवरही काही तरी मर्यादा येणार असं कानावर आहे.

तुझाच,
मामा

ता.क. मूळ काम राहिलंच. मृत्युपत्र करतोय. (घाबरू नकोस, डॉक्टर म्हणतात प्रकृती ठणठणीत.) घर आणि दुकानातला माझा वाटा, सगळं मामीला. साक्षीदार म्हणून तुझी सही हवी. रविवारी ये.

ता.क. २. त्यात तुझ्या नावे एक सोफाही लिहिला होता. पण ज्याला काही मिळायचं त्याने साक्ष करू नये, हे तूच शिकवलंस. मामी म्हणाली, साक्षीदार दुसरा शोधा. मी म्हणालो, मला हीच पाहिजे. "मग पोरीला तुमच्या मरणाची वाट कशाला बघायला लावता?" असं म्हणून तिने तो तीन दिवसांत शिवून काढला. तेव्हा मृत्युपत्रातून तुला वगळलंय आणि सोफा शनिवारी टेम्पोने येतोय. तुझ्या ऑफिसचं दार मोजून ठेव. सोफा आत गेला नाही तर दार काढायचं, पण परत आणायचा नाही, असं भागीदारबाईंनी बजावलंय.