गोधडीच्या पोटातला घास

५ फेब्रु., गुरुवार
पहिलं बक्षीस! माझ्या ‘धावपट्टी’ क्विल्टला!! फोन ठेवल्यापासून नुसती घरभर फिरतेय. चहा गॅसवर विसरले, भांडं करपलं. नितीन ऑफिसातून म्हणाला, “अगं, बस जरा एका जागी.” बसवत नाही. इतकी वर्षं लोकांच्या साड्यांना फॉल-पिको केलं, आणि आज ती परीक्षक बाई मला आर्टिस्ट म्हणाली. आता क्विल्ट परदेशातल्या प्रदर्शनाला जाणार, आणि तिच्यासोबत मीही.
एकच खटकलं. म्हणाली, “सगळ्यात ग्रेट तो खालचा कोपरा. धावपट्टीखाली गाडलेलं गाव, आणि तिथे हाताला लागणारा तो छोटासा उंचवटा. काय विचार केलाय!” मी थँक्यू म्हणून मोकळी.
कसला उंचवटा? मी तो कोपरा सपाट शिवलाय.

७ फेब्रु., शनि.
राहवेना. मुंबईला प्रदर्शनात जाऊन आले. भिंतीवर माझीच क्विल्ट परकी वाटली. गावातल्या बायकांनी दिलेली जुनी लुगडी, शेताच्या बांधांसारखे वळणारे टाके, आणि त्या सगळ्यावरून आरपार छत्रीच्या कापडाची करडी पट्टी.
वॉचमनची पाठ वळल्यावर कोपरा चाचपला. आहे! लिंबाएवढं काहीतरी, आत खसखसतं. आणि भोवतीचे टाके माझे नाहीत. लांब, तिरपे, राणी रंगाच्या दोऱ्याचे. आमच्या घरात असे टाके एकच बाई घालते. सासूबाई.
शेजारी एक मुलगी नेमका त्या उंचवट्याचाच फोटो काढत होती. मी आयत्या बिळातल्या नागोबासारखी उभी.

८ फेब्रु., रवि.
आईंना विचारलं. वालाच्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मंग? गोधरी शिवली का तिच्या पोटात घास घालाचा. उपाशी गोधरी कोनाला ऊब देल?”
“अहो आई, ती अंगावर घ्यायची नाही. भिंतीवर लावायची आहे. क्विल्ट आहे ती.”
“भितीवरची झाली म्हनून उपाशी ठेवाची?”
घास म्हणजे भात. सालीसकट. त्यांच्या शेताच्या शेवटच्या पिकातलं, डब्यात जपून ठेवलेलं. ते शेत विमानतळात गेलं, आम्ही करंजाड्याला आलो. मी पुण्याची. लग्नानंतर एकदा त्या शेतात गेले तेव्हा चिखलात सँडल रुतली, एवढीच माझी ओळख. आणि मी त्याच शेतावर क्विल्ट करून बसले. हसावं की रडावं.
पण राग आलाच. मला न सांगता माझ्या कामाला सुई लावायची?
नितीनला सांगितलं. तो म्हणाला, “त्या डब्याला तिने मलासुद्धा कधी हात लावू दिला नाही.”
राग गेला नाही, पण त्यानंतर धड जेवण गेलं नाही.

११ फेब्रु., बुध.
प्रदर्शनातून फोन. शेजारच्या चित्राच्या चौकटीवर बारीक किडे फिरतायत, तुमच्या क्विल्टमध्ये काही आहे का? सांगून टाकलं. पलीकडची बाई किंचाळलीच, “भात? अहो, धान्य, बी यातलं काहीही तिकडे जात नाही. पेटीच अडवतील!”
मग तिनेच तोड काढली. क्विल्ट घरी पाठवतो, कोपरा उसवा, भात काढा, लाकडी मणी भरा. “उंचवटा मात्र तस्साच हवा हं, कॅटलॉगला तोच फोटो आहे.” सोमवारी त्यांची गाडी न्यायला येणार.
मी म्हटलं, फोटोखाली सासूबाईंचं नाव पण घाला ना. ती म्हणाली, “पण कल्पना तुमचीच ना?” मी काय बोलले ते लिहीत नाही. काहीच बोलले नाही.

१४ फेब्रु., शनि.
क्विल्ट आली. पलंगावर पसरली तर आईंनी सवयीने कड ओढून पायांवर घेतली. मी “अहो, डाग पडेल!” म्हणून ओरडले. त्यांनी पाय काढून घेतले. उगाच ओरडले.
मणी काल बाजारातून आणलेत. पिशवी दडवली होती, पण त्यांच्या नजरेतून काय सुटतंय!
“माल करतेस का काय गो?”
माळ नाही म्हटलं, आणि सांगितलं सगळं. आधी खो खो हसल्या. “गोधरीला मनी खायला घालतेस?” मग हसू ओसरलं. तेवढ्यात विमान आलं. बिल्डिंगमध्ये आता सगळेच विमान जाईपर्यंत बोलायचे थांबतात. बाकीचे वर बघतात, आई कधीच बघत नाहीत. आवाज गेल्यावर म्हणाल्या, “काढ. तुजा काम हाय. पन मंग तिला गोधरी म्हनू नको. परदा म्हन.”
पडदा!
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. नाही पाठवली तर पुन्हा आपलं फॉल-पिको आहेच. कोणी दुसऱ्यांदा विचारणार नाही. लिहूनच टाकते, मला जायचंय. ती क्विल्ट तिथे लागलेली मला बघायचीय. यात वाईट काय आहे?

१६ फेब्रु., सोम.
सकाळपासून तीनदा केर काढला. शेवटी बसले आणि उसवला कोपरा. भुसा, किडे, आणि एक भाकरीचा तुकडा, दगड झालेला. तो त्यांनी सांगितलाच नव्हता. आई सूप घेऊन आल्या. पाखडलं, निवडलं. बरंचसं पोखरलेलं. चांगले दाणे वाटीत काढले. डब्यात परत ठेवतील असं वाटलं होतं. नाही ठेवले. वाटी माझ्यापुढे सरकवली, मण्यांच्या वाटीशेजारी.
मग स्वतःच राणी रंगाचा दोरा सुईत ओवून दिला. “शिव. आतला काय ता मी बघनार नाय.” आणि खुर्ची खिडकीकडे फिरवून बसल्या.
ड्रायव्हरचा फोन आला, नाक्यावर आहे, बिल्डिंग कुठली विचारत होता. पत्ता सांगितला. आणि शिवायचं सोडून हे लिहीत बसलेय.
विमान उतरतंय. आई त्याच्याकडे बघतायत, अगदी खाली टेकेपर्यंत. त्यांचं शेत तिकडेच कुठेतरी.
पाठमोऱ्याच विचारतायत, “झाला का गो?”
मी हो म्हटलं.
दोन्ही वाट्या भरलेल्याच आहेत.